चिप नसलेला बोका

जिन्यातला वासमापक सकाळपासून तिसऱ्यांदा लाल झाला, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरी निमकरबाई चिपची सुई घेऊन केळसकरांच्या दारात आल्या.

"काका, इमारतीत बिनचिपचा हा एकच बोका उरलाय. कानामागे टोचलं की हार्मोन थंड. ना ओरडणं, ना मुतणं. आज टोचून घेतलं नाहीत, तर उद्या पालिकेची गाडी त्याला घेऊन जाईल."

खंडू बोका खुर्चीखालून गुरगुरला. खुर्ची केळसकरांच्या बायकोची, सुलभाताईंची होती. त्या गेल्यापासून दोन महिने तो रोज तिच्यावरच धार सोडत होता, आणि केळसकर ती रोज व्हिनेगरच्या पाण्याने पुसत होते. दुसरं कुणी तिच्यावर टेकायला गेलं, तर खंडू पंजा मारायचा.

"तिची जागा तो कुणाला देत नाही," केळसकर म्हणाले.

"आमच्या ब्रूनोकडे बघा, चिप बसल्यापासून कसं शहाणं कुत्रं झालंय! हे गेले, त्या दिवशीसुद्धा बरोबर एक वाजता जेवला. वाडगा चाटूनपुसून..."



"तुमच्या यजमानांच्या मांडीवरच वाढला ना तो?" केळसकरांनी हळूच विचारलं.

बाईंनी मान डोलावली.

"मग असलं शहाणपण माझ्या खंडूला नको. या घरात तिच्यासाठी तळमळणारे आम्ही दोघंच आहोत. त्यातल्या एकाला मी सुई टोचू देणार नाही."

"मला गाडी बोलवावी लागेल, काका."

"बोलवा. कागदावर लिहा, बोका मालकाच्या परवानगीने मुततो. आणि गाडी मोठी मागवा, मीही त्याच्याबरोबर बसणार आहे."