तीन गिअरची सायकल

त्या पत्राला शामरावांनी अजून उत्तर पाठवलं नव्हतं. ते कोटाच्या आतल्या खिशात होतं आणि वाचनालयाच्या खुर्चीत वाकलं की कुरकुरायचं.

पत्र जयवंताबद्दल होतं. मुलाचं वय काय, घरी कोण, संगत कोणाची, काही नाद आहे का, रोज पहाटे सायकलवरून कुठे जातो, सोबत काय नेतो. तो आपल्या वाचनालयात नेहमी येतो असं कळतं, तरी आपण मोकळेपणाने लिहावं. उत्तर न आल्यास दुसरीकडे चौकशी करावी लागेल.

घरी त्यांनी एवढेच प्रश्न वाचून दाखवले, तेव्हा राधाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा चेहरा उजळला. जयवंताला स्थळ आलं म्हणायचं; मुलीकडचे लोक जरा जास्तच चौकस दिसतात, पण ते बरंच. शामरावांनी पत्राची घडी घातली.

"लिहा की मग," राधाबाई म्हणाल्या. "तुमचं एक वाक्य जमेपर्यंत त्या मुलीला दोन पोरं व्हायची."

यात खोटं काही नव्हतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर शामराव भोईवाड्यातलं हे लहानसं वाचनालय सांभाळत. गल्लीतल्या भिंतींवर रात्री चोरून चिकटवलेली, मुंबईसह राज्य मागणाऱ्या समितीची पत्रकंसुद्धा ते चष्मा लावून वाचत आणि ऱ्हस्वदीर्घ मनातल्या मनात सुधारत. पण स्वतःच्या मताची त्यांना कधीच खात्री वाटली नव्हती. पुस्तक कसं आहे विचारलं तरी ते "वाचून बघा" म्हणत. आता एका माणसाबद्दल मत द्यायचं होतं, आणि एखादं वाक्य चुकीचं गेलं तर त्याचं सगळं बिघडणार होतं.

जयवंत लालबागला चाळीत राहायचा आणि गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा. सायकल शिकून त्याला वर्षही झालं नव्हतं. कुणा पारशी गृहस्थाची जुनी शर्यतीची सायकल त्याने घेतली आणि तिच्यात तो बुडाला. आधी खाली वळलेलं हँडल आलं. मग पाण्याची बाटली, मग पायडलवर पाय अडकवायचे चामडी पट्टे. गोदीतल्या मित्राकडून तीन गिअर मिळाले, त्या दिवशी तो सायकल खांद्यावर घेऊन वाचनालयाचा जिना चढून आला. मागचं चाक हवेत फिरवून, साखळी एका चक्रीवरून दुसरीवर कशी उडी मारते ते मास्तरांना दाखवत बसला. पेपर वाचणाऱ्या एका म्हाताऱ्याने, सर्कस तर आली, आता वाघ कधी आणणार, असं विचारलं.

कुणीतरी देणगी दिलेली विलायती सायकल-मासिकं कपाटात धूळ खात होती. त्यांना हात लावणारा जयवंत पहिलाच. शब्दकोश शेजारी ठेवून तो एकेक ओळ लावायचा आणि अडलं की मास्तरांकडे यायचा. चढावर श्वास कसा घ्यायचा, सीट किती उंच ठेवायची. रोज पहाटे शिवडी, रे रोडकडे चक्कर मारून तो ते सगळं करून बघे. बोरघाट चढून पुण्याला जायचं त्याच्या डोक्यात होतं.

"घाटात सगळे उतरून ढकलतात, मास्तर. मी नाय उतरणार."

एवढं सगळं लिहिणं सोपं होतं. अडचण होती ती सीटखालच्या पिशवीची.

सायकल भिंतीला टेकवताना एकदा शामरावांचा हात त्या पिशवीला लागला. आत कागद होते, बरेच. जयवंताने घाईने पट्टा आवळला आणि मासिकातली कात्रणं आहेत म्हणून सांगितलं. वाचनालयातल्या एकाही अंकाचं पान फाटलेलं नव्हतं, हे शामरावांना माहीत होतं.

राधाबाईंना हे कळल्यावर त्या गंभीर झाल्या. कुणा मुलीला चिठ्ठ्या पोचवत असेल, असं त्यांना वाटलं. तसं असेल तर लपवणं बरं नव्हे, विचारलंय तर खरं ते लिहावं, असं त्यांनी बजावलं. शामराव मान हलवत राहिले.

दुसऱ्या दिवशी जयवंत हसत आला. येत्या रविवारी पुण्याला निघणार होता. शामरावांनी त्याला खिडकीपाशी नेलं.

"पिशवी लहान वापर, जयवंता," ते म्हणाले.

"का हो?"

"फुगलेली असते. लांबून दिसते."

जयवंताने चाकाची एक तार बोटाने वाजवली. "असं मासिकात लिहिलंय?"

"हो. म्हणजे... वाऱ्याला अडते."

"आणि नसलीच तर?"

"काही दिवस नसलेलीच बरी. नुसता घाट चढ."

जयवंताने एकदम वाकून त्यांच्या पायाला हात लावला. असं त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं.

दुपारी वाचनालय रिकामं झाल्यावर शामरावांनी कागद पुढे ओढला आणि एकही शब्द न खोडता लिहिलं. मुलगा निर्व्यसनी व कष्टाळू आहे. सायकलखेरीज त्याला कोणताही नाद नाही. पहाटे सरावाला जातो. पिशवीत जादा ट्यूब, पाना आणि मासिकातली कात्रणं असतात. ती मी स्वतः पाहिली आहेत.

घरी राधाबाईंनी ऐकून घेतलं.

"खरंच पाहिलीत?"

"पाहिली."

त्यांनी नवऱ्याकडे निरखून पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. मुलगा दिसायला चांगला आहे, तेवढं घालायला मात्र सांगितलं. शामरावांनी ते घातलं नाही.

पोस्टातल्या दौतीत टाक बुडवून त्यांनी पाकिटावर पत्ता लिहिला. शाई वाळू दिली आणि पाकीट पेटीत सोडलं. पत्ता होता: मेहेरबान इन्स्पेक्टरसाहेब, खुफिया पोलीस, मुंबई.