कोरडी भिंत

गवंड्याने भिंतीवर चिकटवलेला प्लास्टिकचा चौकोन एका कडेने सोलून काढला. तीन दिवस तो तिथे होता. मागे ना थेंब, ना डाग.

"हात लावून बघा, ताई."

तिने तळवा टेकवला. भिंत गार होती, पण कोरडी ठणठणीत. उरलेल्या तिन्ही भिंतींवरचे चौकोनही तसेच निघाले.

"तुम्ही तर मला घाबरवूनच सोडलं होतं. तळघरात ओल आहे, ओल आहे. पाहिली कोणी ही ओल?" गवंडी म्हणाला.

कोणीच पाहिली नव्हती. दोन वर्षांपूर्वी बाबा फोनवर म्हणाले होते, तुझ्या तळघरात एक खाट टाकलीस तरी मला पुरेल. तिने सांगितलं, खाली ओल आहे, तुमच्या दम्याला सोसायची नाही. "मग राहू दे," बाबा लगेच म्हणाले आणि वृद्धाश्रमात गेले. तिथून पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. एकदाच विचारलं, "ओल कमी झाली का गं? पुस्तकं ठेवू नकोस हो खाली." यंदा थंडी सरता सरता ते तिथेच वारले.

"बाबांना तसं वाटायचं," ती म्हणाली. "तेच म्हणायचे."

बोलून गेल्यावर तिचे कान तापले.

गवंडी हसला. "म्हातारी माणसं अशीच. माझ्या सासऱ्यांना तर धडधाकट छपराला भोकं दिसतात. म्हणजे खोली त्यांच्यासाठीच ना? मला वाटलंच. मागच्या दाराने दोनच पायऱ्या, जिन्याची कटकट नाही. हल्ली कोण करतं हो एवढं?"

इथे तिचं लिहायचं टेबल येणार होतं. तसा नकाशा तिने काढून आणला होता. तिने तो दुमडून मुठीत धरला.

गवंडी मोरीच्या कोपऱ्यात गेला. "इथे धरायला एक दांडा लागेल. तो माणसाच्या बेताने लावलेला बरा. उंचीला केवढे आहेत?"

आता तरी सांगायला हवं होतं. तो भिंतीला पेन्सिल टेकवून थांबला होता, पाठमोरा.

"माझ्याएवढेच," ती म्हणाली. "पण हल्ली वाकलेत जरा."

त्याने रेघ ओढली. "एवढं?"

"थोडं खाली घ्या."