तेवीस पांढऱ्या, एक काळी

"घरी आलेल्या माणसासमोर येऊन बसायचं, एवढंही या मुलाला आता जड झालंय," चंद्रप्रभाबाई स्वयंपाकघरातूनच बोलल्या, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा बेतानं. "अर्धा तास झाला मुरलीधर भावोजी येऊन, आणि हा आत सॅक्सोफोन पुसत बसलाय. सोन्याचा आहे की काय!"

"असू दे, वहिनी," बाहेरून मुरलीधर म्हणाले. "वाद्य पुसून ठेवायचं मीच शिकवलंय त्याला."

ते खरंच होतं. बाप गेला तेव्हा यतीन सात वर्षांचा होता. मुरलीधरनी त्याच्या हातात क्लॅरिनेट दिलं आणि वाजवून पोट भरता येईल इतका तयार केला. आता चाळिशीच्या यतीननं नोएडात फ्लॅट घेतला होता. आणि कॅनॉट प्लेसच्या ज्या रेस्टॉरंटात मुरलीधर सव्वीस वर्षं वाजवत होते, तिथे मालकानं तीन महिन्यांपूर्वी अख्ख्या बँडला नमस्कार करून एक कीबोर्ड आणला होता. ढोल, ताशा, व्हायोलिन, सगळं त्यातूनच निघायचं.

चहा बाहेर आला तसा यतीनही आला. सोफ्याच्या कडेला टेकला. कूलरच्या आवाजात त्यानं पुटपुटलेलं "काका, कसे आहात" कुणाला ऐकूच आलं नाही.

"शनिवारी नाही घेतलं रे मला तुमच्या फ्रीमेसनांच्या लॉजमध्ये," मुरलीधर म्हणाले. "तुला माहीतच असेल. नाव तूच सुचवलं होतंस. सूट शिवून ठेवलाय, वहिनी. साठीला आलेल्या माणसानं काळा सूट आता कुणाच्या लग्नात घालायचा?"

फ्रीमेसन म्हणजे नक्की कोण, हे चंद्रप्रभाबाईंना कधी नीट कळलं नव्हतं. त्यांच्या इमारतीला रिक्षावाले जादूघर म्हणायचे. महिन्यातून एकदा यतीन चपट्या बॅगेत त्यांच्या विधीचा एप्रन घेऊन तिथे जायचा. घरात कधी कपबशी विसळायची म्हणून त्यानं एप्रन बांधला नव्हता. तिथे सगळे एकमेकांना भाऊ म्हणतात आणि यतीनची हॉटेलांतली कामं त्या भावांकडूनच येतात, एवढं मात्र त्यांनी हेरून ठेवलं होतं. गुडगावला नवं मोठं हॉटेल निघत होतं. त्याचा मॅनेजर लॉजमधलाच. त्यानं मुरलीधरना कबूल केलं होतं, आधी आमच्यात या, मग बँड तुम्हीच उभा करा.

"नवा माणूस घ्यायचा की नाही ते गोळ्या टाकून ठरवतात, वहिनी," मुरलीधर समजावून सांगू लागले. "झाकलेली पेटी असते. आत हात घालून पांढरी टाकायची नाहीतर काळी. कुणी काय टाकलं ते कुणाला दिसत नाही, कुणी विचारायचंही नाही. एक जरी काळी निघाली तरी माणूस बाहेर. माझ्या वेळी तेवीस पांढऱ्या निघाल्या आणि एक काळी. सेक्रेटरी कानात सांगून गेला बिचारा."

"कोण मेला तो?" चंद्रप्रभाबाईंनी बशी आपटली.

"कोण असणार! तो तुमच्या लॉजमधला ड्रमवाला सभरवाल. एकदा सगळ्यांसमोर त्याचा ताल चुकलेला दाखवला होता मी. पंधरा वर्षं मनात धरून बसला." मुरलीधरांचा आवाज चढला. "झोप नाही मला शनिवारपासून. आता इथून उठून सरळ राजौरी गार्डनला जातो. त्याच्या बायकापोरांदेखत विचारतो, की बाबा रे, या वयात माझ्या पोटावर का पाय दिलास?"

"काका, नका जाऊ."

"का नको? तुझा मित्र आहे म्हणून?"

"सभरवालनं नाही टाकली."

"तुला काय ठाऊक? पेटीत डोकं घातलं होतंस?"

"नाही हो, पण..." यतीन सोफ्याच्या कडेवर आणखी पुढे सरकला. "उगाच दुसऱ्या कुणावर आळ नको, काका. बाकी सगळ्यांनी पांढरीच टाकली."

मुरलीधरनी कप तोंडाशी नेला होता. तो तिथेच राहिला. मग त्यांनी तो हळूच बशीत ठेवला.



"गुडगावचं काय झालं रे?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"मला बोलावलंय," यतीन जमिनीकडे बघत म्हणाला. "एक तारखेपासून."

"अच्छा." मुरलीधरनी मान हलवली. "हॉल मोठा आहे तो. वरच्या सुरांना फार जोर लावू नकोस, कर्कश लागतील." गुडघ्यावर हात टेकून ते उठले. "वहिनी, चहा छान झाला होता."

कप भरलेलाच होता.  जिन्यावर पावलं वाजली, प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत. फाटकाबाहेर रिक्षावाल्यानं हिंदीत विचारलं, कुठे जायचं?

"सभरवालची फुकट बेअब्रू झाली असती, आई," यतीन म्हणाला. "ते नाही बघवलं मला. खरं तेच बोललो."

चंद्रप्रभाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, वर्षानुवर्षं न पाहिल्यासारखं.

"लबाडी केलीस ती केलीस," त्या म्हणाल्या. "पण चिडायला त्यांच्याकडे एक परका माणूस होता, रे. तोही काढून घेतलास."