लाल कार्ड

"बाळांनो," अशी देवस्थळींनी भाषणाला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या पिकल्या मिशांच्या गृहस्थाने मागे वळून पाहिलं. मागे बाळं कुठेच नव्हती. कार्यशाळेत पणत्या रंगवणारे ते तीस जण शिकायला जरा जास्त वेळ घेत, पण होते चांगले मोठे बाप्ये आणि बायका. त्यांच्या सभेत एकच नियम होता: बोलणं कळलं नाही की लाल कार्ड वर करायचं. नियम अध्यक्षबाईंनी केलेला. अध्यक्षबाई म्हणजे देवस्थळींचीच मुलगी चारुता, वय चौतीस.

"पालकांच्या पश्चात पाल्यांच्या पुनर्वसनाबाबत..."

तीस कार्डं वर गेली. सगळ्यात उंच चारुताचं.

कचेरीत छत्तीस वर्षं देवस्थळींच्या मसुद्यातला काना बदलायची कुणाची टाप नव्हती. त्यांनी घसा खाकरला. "म्हणजे, भवितव्याच्या दृष्टीने सर्वंकष उपाययोजना..."

पुन्हा कार्डं.

त्यांनी भाषणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि चष्मा उगाचच पुसला. "मी गेल्यावर आमच्या चारुताचं कसं होणार, याची मला भीती वाटते," ते म्हणाले. हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

एकही कार्ड हललं नाही.

"आता कळलं," चारुता म्हणाली. तिने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला आणि स्वतःचं लाल कार्ड त्यांच्या हातात दिलं. "माझं काय होणार ते मी सांगते. बाबा, तुम्ही खाली बसा. नाही कळलं तर हे वर करा."