हे खरे आहे काय

नबीच्या पंक्चरच्या दुकानातला पंखा जागेवर नव्हता. छताला नुसती वायर लोंबत होती आणि खाली बसलेली माणसं टोपीनं, पदरानं वारा घेत टीव्हीकडे बघत होती. मुंबईला विधानसभेत प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला होता.

योगिता पुढच्या बाकड्यावर होती. पलीकडे तिची सासू भामाबाई. दोघींच्या मध्ये धाकटी जाऊ सुकन्या, आठवा महिना लागलेली. गर्दीत तिला कुणाचं कोपर लागू नये म्हणून भामाबाईंनी तिच्याभोवती हात धरला होता.

आज प्रश्न त्यांच्याच गावाचा होता. गावातलं आरोग्य उपकेंद्र कधीपासून कुलपात होतं. चैत्रात योगिताला कळा सुरू झाल्या तेव्हा तिच्या नवऱ्यानं, परमेश्वरनं, ते कुलूप दगडानं फोडलं. आत ना खाट, ना नर्स. धूळ होती आणि कबुतरं होती. जीपमधून बीडला नेताना लिंबागणेशच्या पुढं बाळ झालं. ते रडलं नाही.

एके काळी त्याच उपकेंद्रात नर्सबाई राहायच्या. दारात मोगरा होता, खिडकीत रात्रभर दिवा असायचा. भामाबाईंची दोन्ही मुलं तिथंच झाली होती. म्हणूनच असेल, पण योगिताचं बाळ गेल्यावर त्या एकट्या उठून आमदारांच्या दारात जाऊन बसल्या. एकीचं गेलं, आता दुसरीचं जाऊ देऊ नका, एवढंच त्या म्हणाल्या. आमदारांनी तक्रार योगिताच्या नावानं लिहून घेतली, तिचा नंबर घेतला आणि प्रश्न लावला. मंत्र्यांनी सभागृहात कबूल केलं तर नर्स येईल. सुकन्याची सगळी भिस्त त्या एका उत्तरावर होती.

बाळ गेल्यापासून योगिता चौसाळ्याला माहेरी होती. खास या दिवसासाठी ती काल संध्याकाळी परतली. येताना तिला उपकेंद्राच्या भिंतींवर ताजा चुना दिसला, दाराला नवं कुलूप दिसलं. घरी खाट नव्हती. शेजारच्या म्हाळूनं नेलीय, आणून देईल, असं भामाबाई म्हणाल्या. त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला काळानिळा डाग होता. बाभळीचा काटा लागला म्हणाल्या.

खाटेचं योगिताला नवल वाटलं नाही. या गावात वस्तू फिरतच असत. तिच्या माहेरची माणसं घर बघायला आली, तेव्हा डोक्यावर नबीचा पंखा फिरत होता, चहा शेजारच्या मंजुळाबाईंच्या कपांतून आला होता आणि गादी सरपंच सुंदररावांची होती. लग्नानंतर एकेक वस्तू आपापल्या घरी गेली तेव्हा योगिता पोट धरून हसली होती. भामाबाई खजील झाल्या होत्या. "पाहुण्याम्होरं गावाची इज्जत जाऊ द्याची न्हाई, पोरी," एवढंच म्हणाल्या होत्या.

टीव्हीवर आमदार उठले. उपकेंद्र बंद असल्यामुळे एका महिलेचं बाळ वाटेत दगावलं, हे खरे आहे काय, असं त्यांनी विचारलं.

मंत्र्यांनी मान वर केली नाही. "हे खरे नाही."

असल्यास तिथे नर्स आणि खाट कधी देणार?

"प्रश्न उद्भवत नाही."

आता दुकानात शिव्या सुरू होतील असं योगिताला वाटलं. पण नबी पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसला. सुंदरराव आपल्या चपलांकडे बघत होते.

आमदारांनी उपप्रश्न विचारला. मंत्री म्हणाले, हा प्रश्न आला म्हणूनच आमचे अधिकारी मागच्या आठवड्यात गावात गेले होते. उपकेंद्र उघडं होतं. खाट होती, पंखा होता, एका रुग्ण महिलेला सलाईन चालू होतं. सोय लई चांगली हाय, असं त्या माउलीनं स्वतः सांगितलं.

"उशीला भरतकामाचा अभ्रा होता, अध्यक्ष महोदय. खासगी दवाखान्यातसुद्धा मिळत नाही." त्यांनी फोटो उंच धरला. सभागृह हसलं.

योगिता उठून उभी राहिली.

"दुसऱ्याच कुण्या गावचा फोटो हाय. तुमी समदे कावून गप बसलात? माझं लेकरू खोटं होतं का?"

"बस, माय," मंजुळाबाई मागून हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. आमदारांचा पीए होता. मंत्र्यांनी दिलेला फोटो पाठवलाय, तो घाईघाईनं म्हणाला, कुठल्या गावचा ते लगेच सांगा. साहेब अजून उभेच आहेत. खोटा निघाला तर आजच नर्स कबूल करून घेतो.

भामाबाईंनी तिचं मनगट धरलं. 

"आत्ता नको. घरी जाऊन बघ."

"सुकन्यासाठी बघायलेय, आत्याबाई."

तिनं मनगट सोडवून घेतलं आणि फोटो उघडला. चुन्याची पांढरी भिंत. वर पंखा. खाटेपाशी हात जोडून उभे असलेले सुंदरराव. उशीच्या अभ्र्यावर दोन हिरवे पोपट, लग्नाआधी माहेरच्या ओसरीत बसून तिनं स्वतः भरलेले. आणि त्या उशीवर डोकं टेकून, सलाईन लावलेला हात गोधडीवर ठेवून, पाहुण्यांसमोर हसावं तशा हसत पडल्या होत्या भामाबाई.