खाचरातलं हसू

चिंधीनं व्याह्याच्या धोतराची गोष्ट सांगितली आणि लावणीला आलेल्या बायांची हसून मुरकुंडी वळली. खाचराची मालकीण बायजाही हसली. हातातली रोपांची जुडी पाण्यात पडेपर्यंत हसली.

हसायचं तिनं भाताच्या लावणीसाठीच राखून ठेवलेलं. एरवी हसू आलं की पदराचा बोळा तोंडात. लेकाच्या, स्वप्नीलच्या वेळी ती दोन दिवस अडली होती. पोर सुखरूप हाती लागलं, पण तेव्हापासून हसलं, खोकलं की लघवी सुटायची. सासू म्हणाली, बाईच्या जातीला एवढं चालायचंच. मग सांगणार कुणाला, कप्पाळ! जुन्या साडीच्या घड्या लावायच्या, पाणी पिणं तोडायचं, लग्नात दाराजवळ बसायचं आणि जेवणाआधी उठायचं. पंचवीस वर्षं हेच. बाया म्हणायच्या, बायजाला भारी तोरा. खाचरात मात्र सगळ्याच कमरेपर्यंत चिंब. तिथं कुणाचं काय ओलं, कोण बघतंय?

दुपारी स्वप्नील चहाची किटली घेऊन बांधावर आला. कळंबच्या एका रिसॉर्टवाल्याशी जमिनीचं बोलणं पक्कं झालं होतं. भात निघालं की इथं भराव पडणार होता.

"आई, पुढल्या सालापास्नं तुजी चिखलातनं सुटका," तो म्हणाला. पोरगं अगदी मनापासून बोलत होतं.

बाया म्हणाल्या, नशीब काढलंस.

"एक खाचर ठेव की रं," ती म्हणाली. "माज्यापुरतं."

"आता कशाला गं? लई केलंस आमच्यासाठी."

ज्याच्या बाळंतपणात हे झालं, त्यालाच कोणत्या तोंडानं सांगायचं? तिला रडू आलं. तिनं मान खाली घातली आणि रोपं खोचत राहिली.

दिवस कलता कलता शेवटची मूठ लागली. बाया बांधावर चढल्या, साड्यांचे ओचे पिळू लागल्या. बायजा एकटीच पाण्यात उभी होती.

"ये गं वर," चिंधीनं हाक मारली. "झालं ना समदं."

"येते," बायजा म्हणाली. "आदी ती व्याह्याची गोष्ट परत एकदा सांग."