अकरा डिझेल गाड्या

"दहा झाल्या. आता तुझी सही, आर्डिस," म्हणत ऑर्विल रुस्तादने पेन पुढे केलं.

आर्डिसबाईंनी पेन घेतलं, पण आधी कॉफीचा घोट घेतला. चर्चच्या तळघरात सगळे कोट न काढताच बसले होते. बाहेर उणे तीस. एकही जण स्वतःच्या गाडीने आला नव्हता. येणार कसा? गावात डिझेलच्या गाड्या अकरा, आणि या हिवाळ्यात अकराच्या अकरा आडव्या झाल्या होत्या. पेट्रोल परवडेना म्हणून हौसेने घेतलेल्या, आपल्याच देशात बनलेल्या, नव्याकोऱ्या गाड्या! पंप गेला, बदलला, महिन्याभरात पुन्हा गेला. पेट्रोलवाले शेजारी तर टपलेलेच होते. "काय रे, आज ढकलायला किती जण येऊ?"

पत्र ऑर्विलनेच लिहिलं होतं. 'ड्वेन पेल्की या माणसाचा हात गावातल्या एकाही डिझेल गाडीला लागता कामा नये.' शोरूमचे मालक म्हणाले होते, अकराही जणांच्या सह्या आणा, सोमवारी त्या मिस्त्रीला घरी बसवतो. कुणाच्या पोटावर पाय द्यायची ऑर्विलला हौस नव्हती. ड्वेनची दोन लेकरं रविवारी याच तळघरात गाणी म्हणायची. पण ऑर्विलने तीस हिवाळे शाळेची बस चालवली होती, पेट्रोलची, आणि ती एकदाही रस्त्यात बंद पडली नव्हती. त्याची स्वतःची डिझेल गाडी मात्र दोन वर्षांत तीन पंप खाऊन बसली होती. मिस्त्रीच्या हातात कसब नाही, दुसरं काय!

तेवढ्यात जिना वाजला. ड्वेन स्वतःच खाली आला. अंगात कामाचे कपडे, हातात फडक्याची पुरचुंडी.

"सह्या करा, माझी ना नाही," तो म्हणाला. "फक्त आधी हे बघा."

त्याने फडकं टेबलावर उलगडलं. आत पंपांतल्या काळ्या रबरी कड्या होत्या. त्याने एक चिमटीत धरून दाबली. तिचा चिखल झाला.

"अकरा पंप खोलले. अकरांतही हेच."

"म्हणजे माल भिकार," ऑर्विल म्हणाला. "नाहीतर तू भिकार."

"माल काही सोन्याचा नाहीये. पाणी गाळायची सोयच दिली नाही कंपनीने, तिच्या नावाने मीपण बोटं मोडतो. पण ऑर्विल, पाण्याने लोखंड गंजतं. रबर असं विरघळत नाही. हे अल्कोहोलचं काम आहे." ड्वेनने सगळ्यांकडे पाहिलं. "टाकीत कुणी काही घालतं का?"

मग आर्डिसबाईंनी पर्स उघडली.

"मी तर बाबा हे एवढंच घालते. टाकी भरली की एक." त्यांनी एक लाल बाटली टेबलावर ठेवली. "थंडीत पाणी गोठू नये म्हणून. ऑर्विलनेच दिलंय की नाताळात, डझनभर."

"आम्हालाही दिलंय," मागून कुणीतरी म्हणालं. "आम्हालाही," दुसरं कुणी म्हणालं. आणि मग सगळ्या माना ऑर्विलकडे वळल्या.

ऑर्विलला हसूच आलं. "अरे, बाटलीवर काय घसरताय? तीस वर्षं बसमध्ये हेच घातलं मी! माझ्या गाडीत पहिल्या दिवसापासून घालतोय. तुमचे हाल बघवेनात, म्हणून स्वतःच्या खिशातून आणून घरोघर दिलं. उपकार राहिले बाजूला! हे घ्या, वाचा ना काय लिहिलंय. 'टाकीतलं पाणी शोषून घेते.' दिसतंय ना ढळढळीत?"

"त्याच्याखाली काय लिहिलंय?" ड्वेनने विचारलं.

त्याच्याखाली हिरवी चिठ्ठी चिकटवलेली होती. 'शुभ नाताळ, ऑर्विलकडून.' एकशेवीस चिठ्ठ्या त्याने स्वयंपाकघरात बसून स्वतः चिकटवल्या होत्या. मोठी अक्षरं झाकली जाऊ नयेत म्हणून नेमक्या बारीक अक्षरांवर.

ऑर्विलने नखाने चिठ्ठी खरवडली. ती अर्धवट निघाली, उरलेली त्याने थुंकी लावून काढली. चष्मा वर केला, खाली केला. एका क्षणात म्हातारा पांढराफटक पडला. आर्डिसबाईंनी घाबरून बाटली त्याच्या हातातून काढून घेतली आणि डोळ्यांजवळ धरून मोठ्याने वाचलं.

"'यात अल्कोहोल आहे. फक्त पेट्रोल गाड्यांसाठी. डिझेलमध्ये घालू नये.' अरे देवा, ऑर्विल!"

ऑर्विलने एकदा त्या कड्यांकडे पाहिलं, एकदा ड्वेनकडे. ड्वेन खाली बघत कड्या पुन्हा फडक्यात बांधत होता, आणि ते ऑर्विलला जास्त लागलं. देवा, मी केलं हे? माझ्या या हातांनी, घरोघर जाऊन?

त्याने आर्डिसबाईंच्या हातातलं पेन घेतलं. पत्र ओढलं. 'ड्वेन पेल्की' या नावावर आडवी रेघ मारली, आणि त्याच्या वर, सगळ्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ऑर्विल रुस्ताद'.

मग पेन परत पुढे केलं.

"आता कर सही, आर्डिस."